ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं लसीकरण: विषय बदलू नका, यादी बदला

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मधेच वाचायला आलेल्यांनाही कळेल. तुम्ही एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करताय, आजोळ बीड जिल्ह्यातलं, आणि डिझर्टेशनला विषय घेतलाय की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांचं लसीकरण आणि वजन-उंची गावातल्या बाकीच्या मुलांच्या तुलनेत किती मागे आहे. गाईड म्हणाले चारशेचं सॅम्पल घे, उपकेंद्राच्या रजिस्टरमधून रँडम नावं काढ. तुम्ही उपकेंद्रात गेलात तर पूर्ण लसीकरणाचा आकडा शंभरला टेकलेला. आता तुम्हाला वाटतंय फरक निघणारच नाही, मग विषय बदलू का?

अजिबात बदलू नका. मी कम्युनिटी मेडिसिनवाली, मराठवाड्यात आणि खाली साखरपट्ट्यात दोन्हीकडे फील्डवर राहिलेली, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न सॅम्पल किती हा नाहीच, सॅम्पल कुठल्या यादीतून हा आहे. फरक आहे, पण तुम्ही तो जिथे शोधताय तिथे तो दिसूच शकत नाही.

आधी त्या शंभर टक्क्यांचं बघू. लगेच "आकडे खोटे" म्हणून मोकळं होऊ नका, बऱ्याचदा उपकेंद्राच्या सिस्टरने (नर्सने) एकही खोटी नोंद केलेली नसते. टक्केवारीत वरचा आकडा (डोस मिळालेली मुलं) असतो तसा खालचाही (एकूण मुलं) असतो, आणि गडबड खालच्यात होते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात, आशाताई घरोघरी फिरते तेव्हा निम्म्या दारांना कुलूप, मग रजिस्टरमध्ये त्या पोराच्या नावापुढे "स्थलांतरित" असा शेरा पडतो आणि महिन्याचा रिपोर्ट करताना ते नाव हिशोबातूनच वगळलं जातं. नियमाने बघितलं तर ते चूकही नाही कारण मूल खरंच तिथे नाहीये. पण ते जिथे गेलंय, म्हणजे सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात बेळगावकडे, तिथल्या सिस्टरच्या यादीत ते आपोआप येतं का? तिचं टार्गेट तिच्या गावच्या लोकसंख्येवर ठरलेलं, कारखान्याच्या माळावर उभ्या राहिलेल्या कोप्या (तोडणीवाल्यांच्या झोपड्या) त्यात नसतात. चांगली सिस्टर असेल तर जाते आणि डोस देऊन येते, अशा मी भरपूर बघितल्यात, पण तो डोस तिच्या टॅलीत राहतो आणि तुमच्या उपकेंद्राच्या रजिस्टरमधला चौकोन रिकामाच. म्हणजे एकच पोर दोन ठिकाणी अर्धं-अर्धं आहे आणि कुठल्याच टक्केवारीत पूर्ण नाही. आणि तुम्ही त्याच रजिस्टरमधून चारशे नावं काढणार!

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वेळ. समजा पोर ऑक्टोबरच्या सुरुवातीला जन्मलं. बीसीजी आणि पोलिओचा झिरो डोस दवाखान्यातच झाला. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, म्हणजे नोव्हेंबरचा मध्य, डिसेंबर आणि जानेवारीचा पहिला आठवडा. तिन्ही वेळा आई फडात, म्हणजे उसाच्या शेतात, आणि पोर कोपीत किंवा बांधावर झोळीत. हेच पोर जुलैच्या सुरुवातीला जन्मलं असतं तर चौदा आठवड्यांचा डोससुद्धा ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गाव सोडायच्या आधी उरकला असता, आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेला एप्रिलमध्ये, पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गाड्या माघारी आल्यावर. एप्रिल-मे मधल्या पोराचे पहिले तीन डोस गावातच व्यवस्थित होतात पण गोवर-रुबेला येते जानेवारी-फेब्रुवारीत, बरोबर हंगामाच्या मध्यात. म्हणजे कुठला डोस चुकणार ते पोराच्या जन्ममहिन्यावरून बऱ्यापैकी आधीच सांगता येतं.

आता गंमत बघा. मे-जूनपर्यंत सगळे परत आलेले असतात, आशाताई धरून-धरून राहिलेले डोस देते, आणि तुम्ही ऑगस्टमध्ये सर्व्हे केलात तर ऊसतोडीच्या मुलांचं लसीकरणही जवळजवळ बाकीच्यांइतकंच दिसेल. मग तुम्ही लिहिणार "फरक आढळला नाही". डोस मिळाला हे खरंच आहे, पण पाच-सहा महिने उशिरा मिळाला, आणि ते पाच-सहा महिने पोर दाटीवाटीच्या कोप्यांत चार जिल्ह्यांतून आलेल्या पोरांबरोबर राहिलं. गोवरला जवळपास ९५ टक्के मुलं सुरक्षित लागतात तेव्हा साथ थांबते, आणि राहिलेली पाच-दहा टक्के पोरं जिल्हाभर विखुरलेली नसतात, एकाच ठिकाणी गोळा झालेली असतात. मुंबईत २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर कसा पसरला ते आठवा, तिथे कोविडच्या काळात राहून गेलेले डोस एकाच दाट वस्तीत साचले होते. म्हणून तुमच्या अभ्यासात "पूर्ण लसीकरण झालं का, हो किंवा नाही" हा मुख्य प्रश्न नको. प्रत्येक डोसची तारीख घ्या आणि ठरलेल्या दिवसापेक्षा किती उशीर झाला ते काढा, चार आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर विलंब असं काहीतरी आधीच ठरवून टाका. मग जन्ममहिन्याप्रमाणे वेगळं करून बघा. माझा अंदाज, फरक तिथे स्पष्ट दिसेल.

बरं मग यादी आणायची कुठून. याला एकच उत्तर नाही, तुमच्याकडे वेळ किती आणि महिना कुठला यावर आहे. एमपीएचच्या विद्यार्थ्याला सगळ्यात झेपणारा रस्ता म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, सगळे घरी असताना, गाव निवडून घर टू घर फिरायचं आणि यादी स्वतः करायची. रजिस्टर हातात घ्यायचं नाही. यादी पूर्ण झाली की मग रजिस्टर उघडायचं आणि जुळवायचं: तुमच्या यादीतली किती पोरं रजिस्टरमध्ये नाहीतच, किती "स्थलांतरित" आहेत, किती नीट आहेत. खरं सांगू, हे एकच टेबल तुमच्या डिझर्टेशनमधलं सगळ्यात कामाचं टेबल असेल, बाकी काही नाही जमलं तरी चालेल.

यात मी नवीन काही सांगत नाहीये. गडचिरोलीत बंग पती-पत्नींनी 'सर्च' संस्थेतून केलेली कामं वाचा. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या बायकांची तपासणी झाली आणि ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्या आधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या केसपेपरवरून हा आकडा जन्मात निघाला नसता कारण त्या बायका दवाखान्यात पोचतच नव्हत्या. पोलिओचंही तेच. घरांच्या दारावर खडूने पी आणि एक्स लिहायचे ते आठवतंय का? पी म्हणजे घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला, एक्स म्हणजे कुणीतरी राहिलंय किंवा घर बंद आहे, आणि मोहिमेचा पुढचा सगळा जोर एक्सवाल्या घरांवर. वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांचे तळ यांच्या वेगळ्या याद्या, बसस्टँडवर वेगळ्या टीम. २०११ च्या जानेवारीत शेवटची केस झाली आणि २०१४ ला देश पोलिओमुक्त ठरला.

सॅम्पलचं गणित. गाईडचे चारशे बहुतेक त्या ३८४ च्या फॉर्म्युल्यातून आले असणार, म्हणजे एका गटातलं प्रमाण पाच टक्के अचूकतेने काढायचं असेल तर जे लागतं ते. तुम्हाला मात्र दोन गटांची तुलना करायचीय. समजा बाकीच्या मुलांत वेळेवर डोस ९० टक्क्यांना आणि ऊसतोडीच्या मुलांत ७५ टक्क्यांना असेल, तर ८० टक्के पॉवरने (म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडायची शक्यता ८० टक्के) हा फरक पकडायला प्रत्येक गटात साधारण शंभर मुलं पुरतात, आणि एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात म्हणून ते दुप्पट करा, दोनशे आणि दोनशे. म्हणजे आकडा फिरून चारशेच आला :) गाईडशी आकड्यावरून भांडू नका, यादीवरून बोला. आता दोनशे पोरं मिळायला गावं किती? दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण वीस-बावीस जन्म. तुम्ही १२ ते २३ महिन्यांचीच मुलं घेणार, म्हणजे तेवढीच, त्यातली निम्मी ऊसतोडीची धरली तर गावागणिक दहा-अकरा. म्हणजे अठरा-वीस गावं. एकट्याला जड आहे, दोघं-तिघं मिळून करा किंवा वय ३५ महिन्यांपर्यंत न्या, मग गावं निम्म्यावर येतील, फक्त मोठ्या मुलांच्या कार्डांची बोंब जास्त असते.

कार्डांचं सांगते. माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं की निम्म्या वेळा ऐकायला येतं, "कार्ड पेटीत हाय, पेटीची चावी मामीकडं, मामी रानात." थांबायचं. चावी येईपर्यंत बसायचं, चहा होतो तोवर. आई पाठोपाठ पेटी उघडते, पातळांच्या घडीखालून प्लॅस्टिकची पिशवी निघते, त्यात रेशनकार्ड, आधार, सोनोग्राफीचा कागद आणि सगळ्यात खाली ते कार्ड, कधी पावसाने कोपी गळाली होती त्याचे डाग पडलेलं. फोटो काढून घ्या (परवानगीने, नाव झाकून) आणि तारखा घरी येऊन भरा, तिथे घाईत भरू नका. कार्ड नसेलच तर "पेंटाव्हॅलंट दिलं का" (पाच रोगांवरची एकत्र लस) असं विचारून काही उपयोग नाही. सुई कुठे टोचली ते विचारा. मांडीत, किती वेळा? उजव्या दंडात, नऊ-दहा महिन्यांचा असताना? तोंडात थेंब? डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण दिसतो का ते स्वतः बघा, व्रण नसला म्हणजे लस दिलीच नाही असं मात्र नाही. आणि आईच्या आठवणीवरची मुलं कार्डवाल्यांपासून वेगळी मोजा, दोन्ही एकत्र कालवू नका, कारण उशीर किती झाला हे आठवणीवरून काढता येत नाही.

तुलना कोणाशी, हा अवघड भाग. ऊसतोडीची घरं आणि बागायतदाराची घरं अशी तुलना केलीत तर फरक मिळेलच, पण तो स्थलांतराचा की गरिबीचा हे कळणार नाही. त्यातल्या त्यात बरी तुलना म्हणजे त्याच वस्तीतली, तितकीच कोरडवाहू जमीन असलेली, पण न जाणारी घरं. आणखी एक गट आपोआप सापडतो, आई-बाप गेले पण पोर आजीजवळ ठेवलं. हा गट वेगळा ठेवाच, पण त्यावरून "पोराला गावात ठेवलं की प्रश्न सुटतो" असा निष्कर्ष काढू नका. अंगावर पिणारं पोर कुणी मागे ठेवत नाही, जे ठेवलं जातं ते जरा मोठं असतं आणि त्या घरात धडधाकट आजी असते. हे सगळं घरोघरच्या फॉर्ममध्ये एकाच प्रश्नात बसतं: गेल्या दिवाळीपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) हे मूल कुठे होतं आणि कोणाजवळ?

वजनाबद्दल फार लिहीत नाही, फक्त एवढं की उंची हळू बदलते आणि वजन पटकन. एका हंगामाचा परिणाम बघायचा असेल तर वयाच्या मानाने उंची हे माप कामाचं नाही, उंचीच्या मानाने वजन बघा, आणि शक्य असेल तर तीच मुलं दोनदा, परत आल्यावर जूनमध्ये आणि निघायच्या आधी ऑक्टोबरमध्ये. पावसाळ्यात जुलाब-हगवणीने सगळ्यांचीच वजनं घसरतात म्हणून न जाणाऱ्या मुलांचंही त्याच दोन महिन्यांत घ्या. एकदाच मोजून "ऊसतोडीमुळे कुपोषण" म्हणालात तर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) कुणीही उडवून लावेल.

आता तुम्ही विचारलंय की कोप्यांवर जाऊन इंटरव्ह्यू घेऊ का. जा, पण मोजायला नको, समजून घ्यायला जा. तिथे कामाचं युनिट म्हणजे कोयता, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायची म्हणजे रोज टनेज पडलं पाहिजे, आणि एक दिवस खाडा केला की पाचशे-हजार रुपये कापले जातात. बाई पहाटे तीन-चारला उठते, स्वयंपाक करून फडात, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायच्या. लसीकरणाचं सेशन असतं सकाळी दहा ते दोन. तुम्हीच सांगा, ती पोर घेऊन दोन किलोमीटरवरच्या अंगणवाडीत कधी जाणार? "जागृतीचा अभाव" हे शब्द तुमच्या रिपोर्टमध्ये मला दिसले तर वाईट वाटेल. मी भेटलेल्या बहुतेक आयांना सुई द्यायची असते हे पक्कं माहीत होतं, तारीखही माहीत होती.

तिथे मुकादमाच्या परवानगीशिवाय तुम्हाला कुणी बोलू देणार नाही, आणि मुकादमासमोर बाई खरं बोलणार नाही, तिची पुढच्या वर्षीची उचल त्याच्या हातात असते. म्हणून पगार, उचल, खाडा, दुखणी हे प्रश्न कोपीवर नको, गावात परत आल्यावर बायका-बायकांत विचारा. कोपीवर फक्त बघा: पाणी कुठून येतं, अंगणवाडी किती लांब, सिस्टर येऊन गेली का आणि कधी, पोरं दिवसभर कोणाजवळ. तुम्ही मुलगा असाल तर सोबत बाई सहकारी हवीच.

कारणांबद्दल घाई नको असं मी सारखं म्हणतेय त्याला बीडचंच उदाहरण आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनची ओरड झाली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ बायका आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं, म्हणजे साधारण १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे धरता येत नाहीत हे लक्षात ठेवा, तरी फरक प्रचंड आहे. पण पेपरात बातमी काय आली? मुकादम पाळीमुळे खाडा नको म्हणून बायकांना ऑपरेशन करायला लावतात. काही जणींच्या बाबतीत तसा दबाव असेलही, पण बायकांशी निवांत बोललं की एकच कारण निघत नाही. लहान वयात लग्न, पंचविशीच्या आत दोन-तीन पोरं आणि नसबंदी, मग अंगावरून पांढरं जाणं आणि ओटीपोट दुखणं, फडात ना पाणी ना आडोसा, सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर नाही, आणि खाजगीत पहिल्याच भेटीत "पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल". हे सगळं एकत्र येतं तेव्हा तो निर्णय तिला स्वतःला शहाणपणाचा वाटतो. ज्याने फक्त मुकादमाचं कारण धरलं त्याचा उपायही तेवढाच तोकडा राहणार.

तर तुमच्या बाबतीत क्रम असा धरा: आधी गावं निवडून स्वतःची यादी, मग ती रजिस्टरशी जुळवणं, मग तारखांवरून उशीर आणि जन्ममहिना, मग वस्तीतल्या न जाणाऱ्या घरांशी तुलना, आणि हिवाळ्यात जमल्यास दोन-तीन तळांवर चक्कर. वजनाचा भाग वेळ उरला तर, नाहीतर सोडून द्या.

एथिक्स कमिटी विचारायच्या आधीच एक गोष्ट लिहून टाका. सर्व्हेत डोस राहिलेलं पोर सापडलं तर तुम्ही काय करणार? नुसती टिकमार्क करून पुढच्या घरी जाणं बरोबर नाही. त्याच दिवशी आशाताईला नाव द्या आणि पुढच्या सेशनला पोर आलं का तेही विचारा. अभ्यासावर परिणाम होत नाही कारण उशीर तर आधीच मोजून झालेला असतो.

आणि निष्कर्ष कुणाला द्यायचे तेही आत्ताच ठरवा. नुसती विद्यापीठाच्या लायब्ररीत बाइंडिंग करून ठेवू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एक पान पुरतं: अमुक उपकेंद्रांतली इतकी मुलं यादीत नाहीत, अमुक महिन्यांत जन्मलेल्यांचे अमुक डोस राहतात. त्यावरून ते दसऱ्याच्या आधी एक जादा सेशन लावू शकतात, ज्यांचा डोस तेव्हा देय झालाय त्यांच्यासाठी, आणि बाकीच्यांची यादी कारखान्याकडच्या तालुक्याला पाठवू शकतात. कोण कुठल्या कारखान्याला चाललंय ते मुकादमाला माहीत असतं, आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवक ओळखपत्रांची नोंदणी करतात तिथूनही काही नावं मिळतील, फक्त नोंदणी न झालेली घरं त्यात नसतात हे धरून चाला. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मूल दुसरीकडे गेल्याची नोंद करायची सोय आहे, ती तुमच्या गावांत किती जणांची प्रत्यक्ष झालीय हेही जाता-जाता बघा, सेविका आनंदाने दाखवतात, अट एकच, आपण चुका काढायला आलोय असं वाटू द्यायचं नाही.

गाईड तरीही रजिस्टरवर अडून बसले तर वाद घालू नका, परवानगी फक्त तीन गावांच्या पायलटची मागा. घरोघरची यादी आणि रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवून त्यांना दाखवा, त्यानंतर काय म्हणतात ते इथे कळवा, पुढचं तेव्हा बघू. फक्त पायलट ऑगस्ट संपायच्या आत उरका, दसऱ्यानंतर गेलात तर परत कुलूपच.